मागच्या चाकांचे सात उपाय

यवतमाळ,
११ जून २००६

चि. अनिकेत यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सगळं पत्र छापील, फक्त सही पेनाने. तेवढी तसदी घेतलीस, आभारी आहे.

तुमच्या पुण्याच्या मोटार क्लबने डिसेंबरात सलीलच्या नावाने डोंगर चढायची शर्यत ठेवली आहे, त्याची फियाट मंडपात हार घालून उभी करायची आहे, म्हणून मी ती पाठवावी, असं तू लिहितोस. माझ्या ज्या मुलाबद्दल गावात अजून 'जोरात हाकलायचा, गेला' असं बोलतात, त्याच्या नावाने आणखी चाळीस जणांनी जोरात हाकलायचं. वर स्मृतिचिन्ह. त्यावर काय कोरणार आहात, तेही कळव.

फोन करू नकोस. फोन बैठकीत आहे, तुझी कुंदाकाकू तिथेच बसलेली असते, आणि गाडीचा विषय निघाला की ती उठून जाते. शिवाय फोनवर मला सुचत नाही. लिहायची सवय आहे. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात अहवालच लिहिले.

तेव्हा अहवालासारखंच लिहितो. गेल्या वर्षी १२ ऑगस्टला पुसदच्या अलीकडच्या घाटात रस्ता ओला होता. वळणावर समोरून बस आली. सलीलने पाय उचलला, मागची चाकं सुटली, गाडी गरकन फिरली आणि त्याच्या बाजूने मोरीच्या कठड्यावर गेली. बसमधल्या लोकांनी पाहिलं ते एवढंच. पंचनाम्यात कारण एका शब्दात आहे: अतिवेग. लिहिणाऱ्याने शब्द शोधण्यात फार वेळ घालवलेला दिसत नाही.

मी त्या घाटातून सलीलच्या शेजारी बसून निदान तीस वेळा गेलो आहे. तो तिथे जोरात चालवत नसे. मग मागची चाकं का सुटली? हे मला कळलं पाहिजे. कळेपर्यंत गाडी यवतमाळच्या बाहेर जाणार नाही. ती लालसिंगच्या गॅरेजात आहे. चेपलेली बाजू सरळ करून झाली, इंजिन सुरू होतं.

आता तुझी यादी. सलीलच्या टेबलाच्या खणात तू पाठवलेले दोन कागद मिळाले. 'कमी खर्चात मागच्या चाकांची पकड वाढवण्याचे सात उपाय.' चौऱ्याऐंशी सालची माझी फियाट. तिच्यातून मी ऑफिसला गेलो, काकूने लोणच्याच्या बरण्या नेल्या, कधी तक्रार नव्हती. तिच्यात तुम्ही दोघांनी मोठ्या गाडीचं इंजिन घातलंत आणि मग चाकं जागच्या जागी फिरतात म्हणून उपाय शोधायला बसलात. आधी म्हशीला पंख लावायचे, मग ती पडते म्हणून खाली गाद्या घालायच्या.

पहिला उपाय मऊ रबराचे टायर. दुसरा, मागच्या चाकांत हवा दोन पौंड कमी. हा शोध लावायला पुण्याला राहावं लागतं. मग शॉकअप, मग स्प्रिंगचे पाटे पिळू नयेत म्हणून अॅक्सलला लोखंडी दांडी, मग पाट्यांचे रबर बुश. सहावा तो दोन्ही मागच्या चाकांना सारखा जोर देणारा खास डिफरन्शियल, त्याच्यापुढे तूच लिहिलंस, 'परवडेल तेव्हा'. आणि सातवा: 'उजव्या पायाला शिस्त'. हा फुकट, म्हणून शेवटी.

यांतले कोणते तू त्याच्याकडून करवून घेतलेस ते तारखेसह कळव.

नंदकिशोर मुधोळकर


पुणे,
२० जून २००६

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र हाताने लिहितो आहे. अक्षर वाईट आहे, तुम्हाला माहीतच आहे. दहावीत तुम्हीच माझी भूमितीची वही बघून म्हणाला होतात, 'हा त्रिकोण आहे की समोसा?'

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. डिफरन्शियल बसवलं नाही. बाकी सगळं केलं. टायर मी गेल्या वर्षी जूनमध्ये पाठवले. दांडी लालसिंगदादाने जुलैत वेल्ड केली, शॉकअप आणि बुशही तेव्हाच. हवा सलील स्वतः बघायचा. सातव्या उपायाबद्दल सांगायची गरज नव्हती. त्याचा पाय माझ्यापेक्षा शंभर पटीने शहाणा होता. तो जोरात चालवत नसे हे तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी कुठेही लिहून देईन.

काका, एक विनंती. गाडीची तपासणी करून काय मिळणार आहे? ओला रस्ता, वळण, बस. अशा वेळी कोणाचीही गाडी सुटते. आणि कोणाला तरी दोष द्यायचाच असेल तर मला द्या. टायर माझे, यादी माझी. क्लबला मी सांगेन की गाडी मिळत नाही. तुम्ही ती सरळ मोडीत काढून टाका. लालसिंगदादाला सांगितलंत तर तो दोन दिवसांत करेल.

काकूंना नमस्कार. त्यांना गुडघ्यासाठी तेल पाठवलं आहे.

आपला,
अनिकेत


यवतमाळ,
४ जुलै २००६

चि. अनिकेत यास,

महिन्यापूर्वी जी गाडी हार घालायच्या लायकीची होती ती एकदम मोडीची झाली? मी तारखा मागितल्या आणि तुझी स्मृती दौड कुठल्या कुठे गेली. मी खात्यात असताना असे बरेच ठेकेदार पाहिले. बंधारा बघायला येतो म्हटलं की म्हणायचे, साहेब, जाऊ द्या ना, लई लांब आहे.

'दोष मला द्या' असं लिहून तू मोठा उदारपणा केलास असं तुला वाटत असेल. मला दोष वाटायचा नाही, शोधायचा आहे.

टायर तुझे आहेत हे तू कबूल केलंस म्हणून मी ते घेऊन लालसिंगसमोर ठेवले आणि म्हटलं, हे बघ, पुण्याचं रबर. त्याने बोटाने दाबून पाहिलं, खाली कडेला जिथे झिजलं होतं तिथे हात फिरवला आणि मलाच बोलला.

"साहेब, टायरले कायले शिव्या देऊन राह्यले? ते बिचारे तं रोडले चिकटून होते. पुण्यावालं पोरगं बोलते जास्त, पण माल बराबर पाठवते."

"मग चाकं सुटली काहून?" मी विचारलं.

"ते पाहा लागन," म्हणाला. "बोलून नाही समजत."

तर आम्ही पाहणार आहोत. धामणगाव रोडला एक जिनिंग दोन हंगामांपासून बंद आहे. कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या ते सिमेंटचं आवार रिकामं पडलंय, कुत्री झोपतात. चौकीदार देवीलाल लालसिंगच्या ओळखीचा आहे. आवारात विटा मांडून गोल आखायचा, पाणी सोडायचं, गाडी गोलात चालवायची आणि मागची बाजू कोणत्या वेगाला सरकते ते लिहून ठेवायचं. मग तुझा एकेक उपाय काढायचा आणि पुन्हा चालवायची. ज्या उपायाने घात केला तो आपोआप पुढे येईल.

चालवणार मी. लालसिंग नको म्हणतो. त्याला विचारलेलं नाही.

काकूला तेल पोचलं. तिने कपाटात ठेवलं आहे.

नंदकिशोर मुधोळकर


पुणे,
११ जुलै २००६

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

काका, कृपा करून हे करू नका. तुम्ही एकसष्ट वर्षांचे आहात आणि त्या गाडीची ताकद तुमच्या जुन्या फियाटच्या दुप्पट आहे. चाचणी हवीच असेल तर मी रजा घेऊन येतो. शनिवारी निघालो तर रविवारी सकाळी पोचतो. मी चालवतो, तुम्ही बाहेर उभे राहून लिहा. फक्त मी येईपर्यंत थांबा.

आपला,
अनिकेत


यवतमाळ,
२५ जुलै २००६

चि. अनिकेत यास,

थांबलो नाही. तू येऊन, मधेच बोनेट उघडून, काय लपवणार होतास कोण जाणे.

निकाल असे.

पहिल्या दिवशी गाडी आहे तशी चालवली. विटांच्या गोलात पस्तीसपर्यंत मागची बाजू जागची हलली नाही. छत्तीसला सरकली, पाय हळूच कमी केला तर परत आली. देवीलाल पाण्याची नळी धरून दारात उभा होता. म्हणाला, "बाबूजी, पेन्शन में सर्कस का भी भत्ता मिलता है क्या?"

दुसऱ्या दिवशी तुझे टायर काढून जुने घातले. सत्तावीसलाच सरकली. म्हणजे टायरांनी घात केला नाही, उलट धरून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी दांडी काढली. गोलात फारसा फरक नाही, पण सरळ रेषेत जोर दिला की मागचा अॅक्सल बेडकासारखा उड्या मारायला लागला. चौथ्या दिवशी शॉकअप आणि बुश. पाचव्या दिवशी हवा वाढवून. प्रत्येक वेळी गाडी आधीपेक्षा वाईट.

म्हणजे सातांपैकी पाच उपाय खरे निघाले. हे मला लिहावं लागतं आहे आणि लिहिताना आनंद होत नाही. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं, तू पाचदा होतास, एवढंच म्हणतो.

पण याने माझा प्रश्न सुटत नाही. सगळे उपाय जागेवर असताना गाडी पस्तीसपर्यंत पक्की आहे, आणि सरकली तरी सावकाश सरकते, माणसाला वेळ देते. मी म्हातारा तिला परत आणू शकलो. सलीलला का आणता आली नाही? लोक म्हणतात ती गरकन फिरली. माझ्याकडे ती गरकन फिरत नाही.

शेवटच्या दिवशी अवजारं आवरताना लालसिंग म्हणाला, "साहेब, खाली गाडी काय सांगन? त्या दिवशी जशी भरली होती तशी भरा, मंग पाहू." मी त्याला म्हटलं पाऊस येतोय, चल.

अजून मला वाटतं की तू काहीतरी सांगत नाहीस. सलीलला तू यादी पाठवलीस, टायर पाठवले, शर्यतीचं वेड पाठवलंस. तो गेल्यावर हार पाठवणार होतास. मित्र असे नसतात, पुरवठादार असतात.

नंदकिशोर मुधोळकर


पुणे,
३ ऑगस्ट २००६

ती. काकांस नमस्कार.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा फाडायला घेतलं होतं.

सलील आणि मी पाचवीपासून एका बाकावर बसलो. त्याच्या मुंजीत मला त्याच्याइतकेच लाडू मिळाले होते. कॉलेजात असताना माझे वडील आजारी पडले तेव्हा तो दोन महिने माझ्याबरोबर नागपूरच्या दवाखान्यात झोपला, तेही जमिनीवर. तुम्हाला हे सगळं माहीत आहे. तरी तुम्हाला मला पुरवठादार म्हणायचं असेल तर म्हणा. मी काही परत लिहिणार नाही, कारण मला जे लिहिता येईल ते लिहायचं नाही.

पुरवठादार म्हणूनच शेवटची सूचना करतो. आता चाचण्या पुरेत. पावसात गाडी घाटात नेऊ नका. आणि चालवलीतच तर डिकी रिकामी ठेवूनच चालवा.

वर्षश्राद्धाला येणार होतो. आता येत नाही.

अनिकेत


यवतमाळ,
१६ ऑगस्ट २००६

चि. अनिकेत यास आशीर्वाद.

मी आजवर तुला तीन पत्रं लिहिली. त्यांच्या कच्च्या प्रती माझ्याकडे आहेत, खात्यातली सवय. एकाही पत्रात डिकी हा शब्द नाही. तुझ्या शेवटच्या पत्रात आहे.

म्हणजे तुला माहीत होतं.

आता मी लिहितो. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, कुंदालाही नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला सलील तुझी यादी घेऊन माझ्याजवळ बसला होता. उत्साहात होता. सहाव्या उपायाबद्दल सांगत होता, पुढच्या वर्षी घेऊ म्हणाला. मी म्हटलं, मागची चाकं घसरतात कारण मागे वजन नाही. साधी गोष्ट आहे. ढाणकीकडचे जीपवाले पावसाळ्यात मागे पोतं टाकून चिखलातून जातात, त्यांना कोणी पुण्याहून यादी पाठवत नाही. मी आयुष्यभर बंधारे बांधले. बंधारा कशावर उभा असतो? स्वतःच्या वजनावर. पाणी ढकलतं, वजन हलू देत नाही. हे मी त्याला पेन्सिलने काढून दाखवलं. तो हसला. म्हणाला, "बाबा, बंधारा वळणावर वळत नाही." मला ते उद्धट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी सरकीची दोन पोती आणली. स्वतः डिकीत चढवली, अगदी मागे, झाकणाला टेकून, म्हणजे चाकांवर जास्तीत जास्त भार येईल. सुंभाने बांधली. संध्याकाळी त्याला म्हटलं, झाला तुझा आठवा उपाय, खर्च नाही काही. त्याने डिकी उघडून पाहिली, बंद केली. "बरं बाबा," म्हणाला. मला वाटलं पटलं.

सप्टेंबरात पोलीस ठाण्याच्या आवारातून गाडी आणायला गेलो. महिनाभर पावसात उभी होती, डिकीचं झाकण वाकून फट पडली होती. उघडली तर पोत्यांमधून कोंब बाहेर आलेले. अंधारात वाढल्यामुळे पांढरे, बोटाएवढे, सगळे फटीकडे वाकलेले. लालसिंग बाजूला उभा होता. मी म्हटलं फेकून दे. त्याने फेकलं. विचारलं काही नाही.

तेव्हापासून मी टायर, दांडी, शॉकअप, पंचनामा आणि तू यांच्यामागे लागलो. तुझं पत्र आल्यावर मात्र टाळता येईना. परवा नवी दोन पोती आणली. लालसिंगने न सांगता ती तिथेच ठेवली जिथे पहिली होती. सुंभसुद्धा आणला होता.

सरळ रेषेत गाडी अशी पळाली की विचारू नकोस. चाक जरासुद्धा घसरलं नाही. माझा आठवा उपाय उत्तम. मग गोलात घेतली. अठ्ठावीसला, पाय उचलल्याबरोबर, मागची बाजू दार सुटल्यासारखी आली. मी स्टिअरिंग फिरवेपर्यंत गाडी उलट्या तोंडाने उभी होती आणि विटा उडाल्या होत्या. देवीलालने नळी बंद केली.

मी गाडीतच बसून राहिलो. लालसिंग खिडकीशी आला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मालूम होतं, साहेब. पण हे सांगाची गोष्ट नोती. तुमची तुमालेच पाहाची होती."

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं. हे वाक्य मी खात्यात नव्या लागलेल्या प्रत्येक मुलाला ऐकवलं आहे. दिग्रसकडच्या एका बंधाऱ्याचा आराखडा याच कारणावरून मी तीनदा परत पाठवला होता आणि करणाऱ्याला चारचौघांत विचारलं होतं, पदवी कुठून घेतली? अशा माणसाने पार टोकाला पोती बांधली. तुझ्या यादीला हसलो. तिच्यातला एकेक उपाय काढून तपासला, माझा तेवढा सोडून.

आता मला एवढंच सांग. तुला कसं कळलं? आणि तू वर्षभर माझं बोलणं का ऐकून घेतलंस?

नंदकिशोर


पुणे,
२४ ऑगस्ट २००६

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र मला कधी लिहावं लागू नये असं वाटत होतं. गाडी पुण्याला मागितली ती त्यासाठीच. तुमच्या समोरून ती जावी, लालसिंगदादाच्या गॅरेजात उभी राहून तिने तुम्हाला काही सांगू नये. शर्यतीचं नंतर ठरलं, निमित्त म्हणून. तुमच्या शिव्या खाणं त्यामानाने सोपं होतं. दोनदा राग आला, एकदा लिहून गेलो, आणि त्यातच चूक झाली.

सलीलचा ईमेल सोबत जोडतो आहे. १० ऑगस्टचा, बुधवारचा. तुम्ही विचारलं नसतंत तर दिला नसता. आता न देणं हेही खोटंच होईल.

"अन्या, टायर झकास. गाडी रस्त्याला अशी धरून असते की घाटात गाणी म्हणावीशी वाटतात. एक गंमत. तुझी सातकलमी यादी वाचून बाबांना चेव आला. डिकीत सरकीची दोन पोती टाकलीत, पार टोकाला, आणि बांधलीत अशी की धरण फुटलं तरी ती हलायची नाहीत. लालसिंगदादा बघून डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, काढू का? मी म्हटलं राहू दे. काढली तर आठ दिवस अबोला, तुला माहीत आहे त्यांचा. आणि खरं सांगू का, इंजिन बदललं तेव्हापासून त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. पहिल्यांदा हात लावलाय. पेन्सिलने बंधारा काढून समजावत होते, कानावर पेन्सिल, लहानपणी गणितं शिकवायचे तसे. शुक्रवारी पुसदला जाऊन यायचं आहे. मागचं वजन बघता बैलगाडीच्या चालीने जाईन. शनिवारी त्यांनाच विचारतो, बाबा, पोती चाकाच्या पुढे घेतली तर? दोन दिवसांत तेच मला पटवून देतील. सलील."

काका, तो हळू चालवत होता. एवढं मात्र नक्की आहे. बाकीचं मी लिहू शकत नाही.

आपला,
अनिकेत


यवतमाळ,
३ सप्टेंबर २००६

प्रिय अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं त्या दिवशी दुपारी मी कुंदासमोर बसून सलीलचं लिहिणं वाचून दाखवलं. 'बैलगाडीच्या चालीने' इथपर्यंत आल्यावर ती म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून सांगून राह्यली, तो जोरात नव्हता." मग विचारलं, "पोती कोणी ठेवली?" अर्धं ऐकलं नसावं, किंवा माझ्या तोंडून ऐकायचं असावं. मी सांगितलं. ती उठून आत गेली.

जेवायला वाढते, औषधाची वेळ झाली की गोळी पाण्याशेजारी ठेवते. बोलत नाही. आज सहावा दिवस आहे. या घरात अबोला फक्त मीच धरत असे, त्यामुळे तो मोडायचा कसा याची मला माहिती नाही. सलील मोडायचा. काहीतरी चुकीचं गणित घेऊन यायचा आणि मुद्दाम विचारायचा. मुद्दाम, हे मला तुझ्या पत्राने आता कळतं आहे.

तुला जे जे लिहिलं त्यातलं खोटं काय होतं ते तुला माहीत आहेच, म्हणून वेगळी माफी लिहीत नाही. आलास तर समोर मागेन. पुरवठादार हा शब्द मात्र माझ्या कच्च्या प्रतीत खोडला आहे. तुझ्या प्रतीत तूच खोड.

ठाण्यात जाऊन आलो. पंचनाम्यातला शब्द बदलता येणार नाही म्हणाले. माझं निवेदन जोडून घ्या म्हटलं. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "काका, हे कशाला?" मी म्हटलं, जोडा. त्यांनी पोच दिली.

नवी दोन पोती लालसिंगने बसंतीबाईकडे, म्हणजे त्याच्या बहिणीकडे दिली. तिच्या म्हशींनी खाल्ली.

गाडी पाठवतो आहे. लालसिंग स्वतः घेऊन येईल, रात्रीचा चालवणार नाही असं त्याने कबूल केलं आहे. टायर तुझेच घातले आहेत, हवा दोन पौंड कमी, दांडी जागेवर. हार घालू नका. ती उभी करायची असेल तर डिकी उघडी ठेवून उभी करा, आत काही नाही हे लोकांना दिसेल अशी.

स्मृतिचिन्ह नको. त्याऐवजी तुझी यादी छापून वाटा. मूळ कागद सोबत पाठवतो आहे. सातव्या उपायाखाली मी आठवा लिहिला आहे. अक्षर ठेकेदारांना वाचता यावं असं काढलं आहे, तेव्हा छापताना चूक होणार नाही.

'८. डिकीत वजन ठेवू नये. कोणीही ठेवलं असलं तरी काढावं.'

खाली सही केली आहे, तारीख घातली आहे, आणि हुद्द्यासकट पूर्ण नाव लिहिलं आहे. तेही छापा.

नंदकिशोरकाका